मेळघाटातील वनरस्ते आणि पावसाचे पाणी

राष्ट्रीय उद्यानातील रस्त्याची गणना सार्वजनिक वाहतुकीच्या रस्त्यांत करता येत नाही. गस्त, वणव्याचा बंदोबस्त आणि मर्यादित पर्यटन एवढेच त्याचे प्रयोजन. व्याघ्र प्रकल्पासाठी १९७३ साली देशात प्रथम निवडलेल्या नऊ क्षेत्रांपैकी मेळघाट हे एक. गुगामल राष्ट्रीय उद्यान या क्षेत्रातच येते. सातपुड्याच्या या डोंगराळ मुलखात रस्ते सर्वांत अधिक खराब होतात ते पावसाच्या पाण्याने.

उतारावर सरळ चढविलेली वाट पहिल्याच पावसाळ्यात ओहोळ बनते. चाकोऱ्यांतून धावणारे पाणी मुरूम खरवडून नेते आणि खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्यांवाटे तो गाळ तापीच्या मार्गास लागतो. म्हणून वाट डोंगराला वळसा घालून न्यावी लागते. तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, असा आखणी करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. रस्त्यास दरीच्या बाजूने किंचित उतार दिला की पाणी आडवे निघून जाते. चढावर ठराविक अंतराने तिरपे दगडी बांध घातल्यास चाकोरीतील पाणीही बाजूस वळते.

कसोटी लागते ती पुढे, देखभालीत. सागाची रुंद पाने उन्हाळ्यापर्यंत गळून चरांत आणि मोऱ्यांच्या तोंडाशी साचतात. पावसापूर्वी ती काढली नाहीत, तर एका रात्रीच्या सरींनी भराव खचू शकतो. मग गस्तीची तुकडी अडते आणि जंगलातील कोरकू वस्तीवरून रुग्णास दवाखान्यात नेणारी जीपही अडते. हे काम फावड्याघमेल्याचे, वर्षानुवर्षे तेच ते. अंदाजपत्रकात नव्या बांधकामासारखे ते उठून दिसत नाही, एवढेच.

रस्ता डांबरी करावा, ही वनग्रामांची मागणी गैर म्हणता येणार नाही. तथापि गुळगुळीत रस्त्यावर वेग वाढतो आणि रात्री पलीकडे जाणारी जनावरे वाहनाखाली सापडतात. वस्तीकडे जाणारा रस्ता पक्का केल्यास गतिरोधक हवेतच. गस्तीच्या वाटा मात्र कच्च्याच बऱ्या, कारण त्यांच्या मऊ धुळीत वाघाचे पाऊल उमटते आणि वनरक्षकास त्यावरून माग काढता येतो. रुंदीही बेताची असावी. दोन्ही बाजूंच्या फांद्या वर भिडलेल्या असल्या की वानरांना जमिनीवर उतरावे लागत नाही. बाहेरून आणलेल्या मुरुमाबरोबर गाजरगवताचे बी येण्याचा संभव असतो, तेव्हा मुरूम घेण्यापूर्वी खाण स्वतः पाहून यावी.