लोथलचा वाद आणि गाळातील सूक्ष्म साक्षीदार

गुजरातमधील लोथल या हडप्पाकालीन वसाहतीच्या पूर्वेला भाजलेल्या विटांचे एक आयताकृती बांधकाम आहे. त्याची लांबी दोनशे मीटरांहून अधिक आहे. १९५५ पासून तेथे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी ती जहाजांची गोदी असल्याचे मत मांडले. १९६८ मध्ये लॉरेन्स लेश्निक यांनी ते अमान्य केले. त्यांच्या मते तो गोड्या पाण्याचा तलाव होता. समुद्र आज तेथून कित्येक किलोमीटर दूर असल्याने ही शंका निराधार म्हणता येत नव्हती. त्या बांधकामात पाणी खारे होते की गोडे, हा खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर विटांत नव्हे, तर तळाच्या गाळात होते.

ते शोधले दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ राजीव निगम यांनी. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा आधार होता ‘फोरॅमिनिफेरा’ हे एकपेशीय जीव. त्यांपैकी बहुतेकांचा आकार एक मिलिमीटरहूनही लहान असतो. जीव मेला तरी त्याचे कठीण कवच गाळात टिकून राहते. कवचधारी फोरॅमिनिफेरा समुद्रात, खाडीत आणि मचूळ पाण्यात वाढतात. गोड्या पाण्याच्या तलावात ते सहसा आढळत नाहीत. शिवाय खाडीतील जाती वेगळ्या, खोल समुद्रातील वेगळ्या. त्यामुळे गाळाच्या एकेका थरातील जाती ओळखल्या, की त्या काळी तेथे कोणते पाणी होते, याचा अंदाज बांधता येतो.

पद्धत साधी, पण चिकाटीची आहे. गाळाचा नमुना भिजवून अतिशय बारीक चाळणीवर धुतात. चिकणमाती वाहून जाते. उरलेले कण वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कवच वेचून मोजले जाते.

लोथलच्या नमुन्यांत अशी कवचे सापडली. याचा अर्थ, भरतीचे खारे पाणी तेथवर पोहोचत होते. गोदीच्या मताला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

तरीही या पुराव्याची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. कवच पाण्याविषयी सांगते, जहाजांविषयी नाही. भरतीबरोबर ते दूरवरूनही वाहत येऊ शकते. म्हणूनच नांगराचे दगड, मुद्रा, मणी आणि जुने नदीपात्र यांच्या जोडीनेच ही साक्ष तपासावी लागते. मात्र किनारा एके काळी कोठवर होता, हे सांगण्यास चिमूटभर गाळही पुरेसा ठरतो.