निखाऱ्यावरचे इटालियन चिकन : बाहेरून खमंग, पण आतून शिजले आहे का?

विंचूर-लासलगाव परिसरात कडाक्याची थंडी पडली की मळ्यात शेकोटीच्या जोडीला ग्रिलही पेटते. लसूण, लिंबू, मिरपूड आणि ऑलिव्ह तेल लावून भाजलेले इटालियन पद्धतीचे चिकन, सोबत भाजलेला कांदा आणि टोमॅटो, असा बेत तब्येतीलाही चांगला. मात्र एक फरक लक्षात घ्या. रश्श्यात चिकन सगळीकडून उकळत शिजते. निखाऱ्यावर मात्र ते बाहेरून करपले तरी हाडाजवळ कच्चे राहू शकते.

धोका कशाचा?

कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. त्यांच्यामुळे जुलाब, पोटात मुरडा, ताप आणि उलट्या होतात. त्रास काही तासांनी किंवा दोन ते पाच दिवसांनीही सुरू होतो. त्यामुळे त्याचा संबंध त्या जेवणाशी आहे हे अनेकदा लक्षातच येत नाही.

मुरवताना

विंचूरला वाइन पार्क असल्याने मुरवणात वाइन घालण्याची कल्पना सहज सुचते. पण वाइन किंवा लिंबाच्या रसाने हे जिवाणू खात्रीने मरत नाहीत. चिकन फ्रीजमध्येच मुरवा. बाहेर थंडी आहे म्हणून ओट्यावर ठेवू नका. कच्च्या चिकनला लावलेला मसाला भाजलेल्या तुकड्यांवर पुन्हा ओतू नका. वरून लावायचा मसाला आधीच वेगळा काढून ठेवा. चिकन नळाखाली धुतल्यास जिवाणूंचे शिंतोडे आसपास उडतात, त्यामुळे ते धुणे टाळा. उरलेले घरगुती लसूण-तेल बाहेर ठेवू नका. त्यात बोट्युलिझमचे विष तयार होऊ शकते. ते फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

भाजताना

इटलीत कोंबडी मधून उघडून, चपटी करून आणि वर वजनदार वीट ठेवून भाजण्याची पद्धत आहे. जाडी सारखी झाली की आच सगळीकडे सारखी लागते. घरी छातीचे मांस हलके ठेचून सारख्या जाडीचे करा किंवा लहान तुकडे घ्या. ज्वाळा शांत होऊन निखारे धगधगू लागले की मगच चिकन ठेवा आणि वारंवार उलटा.

चिकन शिजल्याची खात्री रंगावरून होत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात खुपसा. आतले तापमान ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवे. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही. थर्मामीटर नसेल तर जाड भाग कापून पाहा. आत गुलाबी रस दिसला तर पुन्हा भाजा. ही तपासणी थर्मामीटरइतकी खात्रीची नाही, म्हणून अशा वेळी बिनहाडाचे लहान तुकडेच बरे. शिजलेले चिकन स्वच्छ ताटात काढा, कच्च्याच्या ताटात नको.

करपलेला भाग

मांस करपल्यावर आणि चरबी निखाऱ्यावर गळून धूर झाल्यावर काही घातक रसायने तयार होतात. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांच्यामुळे कर्करोग झाल्याचे दिसले आहे. माणसांबाबत पुरावा अजून पक्का नाही. काळा भाग काढून टाका. मुरवल्याने आणि वारंवार उलटल्याने ही रसायने कमी तयार होतात.

जेवणानंतर

उरलेले चिकन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. ऊब मिळावी म्हणून पेटलेली शेगडी किंवा ग्रिल बंद खोलीत कधीही नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेऊ शकतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

जुलाब झाल्यास ओआरएस सुरू करा. शौचात रक्त, जास्त ताप, न थांबणाऱ्या उलट्या, लघवी कमी होणे किंवा तीन दिवसांहून अधिक जुलाब असल्यास डॉक्टरांना दाखवा. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर वाट पाहूच नका. जुलाबानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांत अशक्तपणा किंवा मुंग्या जाणवल्यास तातडीने रुग्णालय गाठा. कॅम्पिलोबॅक्टरच्या संसर्गानंतर क्वचित मज्जातंतूंचा गंभीर आजार होतो.