जीपीएक्स फाईल म्हणजे परवानगी नव्हे

आपल्या भागात ग्रॅव्हल राईड भरवायची तर सुरुवात कुठून करायची, हे मला बरेच जण विचारतात. आज तेच सांगतो, आमच्या चुकांसकट.

ग्रॅव्हल म्हणजे डांबर सोडून खडी, मुरूम, माती. सायकलचा टायर साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर रुंद लागतो आणि हवा रोडबाईकपेक्षा बरीच कमी ठेवायची. माउंटन बाईक असेल तर तीही चालते. रस्त्यांची तर आपल्याकडे चंगळच आहे: पांदणी, शिवरस्ते, कालव्याकडेच्या वाटा.

आता चूक. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. सासवडच्या आसपासचा ४५ किलोमीटरचा रूट मी घरी बसूनच आखला. सॅटेलाईट नकाशावर रेघ दिसली की जोड पुढच्या रेघेला! ट्रायलला आम्ही सहा जण गेलो, तर त्यातली एक रेघ निघाली अंजिराच्या बागेतला बांध. माझ्या चाकाखाली ठिबकची नळी फुटली. बागवाले काका आले, नळीकडे बघितलं आणि म्हणाले, "रस्ता तुमच्या मोबाईलवर असंल, माझ्या सातबाऱ्यावर न्हाई."

काय बोलणार? माफी मागितली, सासवडहून जॉइंटर आणून नळी जोडून दिली. मग काकांनीच खरी पांदण दाखवली. ती नकाशावर झाडांखाली झाकलेली होती!

तेव्हापासून आमचा क्रम ठरलेला आहे.

रूटचा कच्चा आराखडा झाला की आधी गावात जायचं. तलाठ्याकडच्या गावनकाशात पांदण दिसते, पण ती आज वहिवाटीत आहे का, हे शेतकरीच सांगतो. सरपंचांना भेटायचं, पोलीस ठाण्यात लेखी कळवायचं. वनखात्याची जमीन लागत असेल तर परवानगी नाहीतर सरळ वळसा.

तारीख दिवाळीनंतरची बरी. पावसाळ्यात काळी माती चाकात अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या कुठून जातात, तेही विचारून ठेवा.

वेळ मोजायची नाही, नंबर काढायचे नाहीत. नंबर आला की शेळ्यांच्या कळपापुढेही कोणी ब्रेक दाबत नाही. आठ-दहा जणांचा गट, पुढे एक वाट माहीत असलेला आणि सगळ्यांच्या मागे एक जण, पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचार घेऊन. फाईल आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण मध्येच रेंज जाते. वळणांवर चुन्याचे बाण काढा. १०८ ची रुग्णवाहिका कुठल्या फाट्यापर्यंत येऊ शकते, तेही आधी बघा.

आणि दोन गोष्टी सक्तीच्या. एनर्जी बारचं वेष्टन खिशातच ठेवायचं, कारण ते गुरांच्या पोटात जातं. नाश्ता गावातच घ्यायचा, पैसे आधी ठरवून. आम्ही पिठलं-भाकरी सांगतो.

खऱ्या राईडला काका पांदणीच्या तोंडाशी उभे होते. प्रत्येकाला हात करून सांगत होते, "इकडनं, इकडनं!" तिथे चुन्याचा बाण काढायचा आम्ही विसरलो होतो.

चला, भेटू पुढच्या भागात. हवा तपासून निघा!