एक व्हायोलिन, अनेक बोली

कामगारांच्या बैठकीत आम्ही संगीताचा विषय काढला की कोणीतरी हटकून विचारतो, "आठ तास यंत्राच्या खडखडाटात उभे राहिल्यावर हे शास्त्रीय वगैरे कोणाला कळायचे?" प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्याच्या पोटात एक घातक समजूत दडलेली आहे. रसिकता ही फुरसत आणि पैसा असणाऱ्यांची मिरास, कष्टकऱ्याने नुसती करमणूक करून घ्यावी, अशी ती समजूत. जगभरच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी लढा दिला, तो उरलेले तास माणसासारखे जगता यावेत म्हणून. कान तयार करणे हाही त्या जगण्याचाच भाग आहे, आणि त्याला पदवी लागत नाही. तुलना करण्याची सवय तेवढी लागते. ती कशी करावी हे व्हायोलिन या एकाच वाद्याच्या आधारे आपण पाहू.

व्हायोलिनला चार तारा असतात, पण सतारीसारखे पडदे नसतात. त्यामुळे बोट तारेवरून न उचलता घसरवता येते आणि मींड निघते. दुसरे असे की, सतारीची तार छेडली की स्वर विरू लागतो. व्हायोलिनचा गज ओढला जाईतो स्वर टिकून राहतो. या दोन गुणांमुळे हे परदेशी वाद्य आपल्या गळ्याच्या इतके जवळ आले. कर्नाटक संगीतात ते आणण्याचे श्रेय बाळुस्वामी दीक्षितार (१७८६–१८५८) यांना देतात. युरोपातला वादक वाद्य हनुवटीखाली धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो व वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकवतो. वाद्य पेलण्याचे काम उरत नाही, म्हणून डावा हात मोकळेपणी घसरू शकतो.

याचा धागा आमच्या भागातही आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिले. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. त्याच औंध दरबारी अंतुबुवा जोशी गायक होते. एका लहान संस्थानाने लोखंडालाही आश्रय दिला आणि सुरालाही. अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गायक होते आणि व्हायोलिनवादकही. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम त्यांनी घेतली होती. १९४० साली औंधला सुरू झालेला संगीत महोत्सव आजही भरतो.

आता शैलींकडे वळू. पहिली गायकी अंगाची. द. के. दातार (१९३२–२०१८) आणि एन. राजम् यांचे वादन या अंगाचे. येथे गज लांब चालतो. बंदिशीतला शब्द जिथे तुटतो तिथेच गजाची दिशा बदलते. बंदिश ठाऊक असेल तर शब्द ऐकू आल्याचा भास होतो. दुसरी तंतकारी अंगाची. व्ही. जी. जोग (१९२२–२००४) यांच्या वादनात गजाचे छोटे, तुटक फटकारे येतात, सतारीच्या नखीच्या आघातांसारखे. तबल्याशी लयीचा खेळ रंगतो. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईबरोबर त्यांच्या जुगलबंद्या गाजल्या, त्यात ही हजरजबाबी लय स्पष्ट दिसते. तिसरी कर्नाटकी. तेथे स्वर सहसा स्थिर उभा राहत नाही, गमकाने डोलत राहतो.

यांत श्रेष्ठ कोणती, हा वाद आम्हाला निष्फळ वाटतो. फिटरला सुताराच्या मापाने मोजत नाहीत. वादकाने काय साधायचे ठरवले आणि ते किती साधले, एवढेच पाहावे.

हीच गोष्ट अमेरिकेतही आढळते. तेथील डोंगराळ भागात या वाद्याला फिडल म्हणतात. जुन्या पद्धतीचे फिडलवादन नाचासाठी असे. सर्वांनी मिळून एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवायची, आणि गजाच्या ठेक्याने नाचणाऱ्यांची पावले उचलायची. हे वादक पुष्कळदा तारांचे जुळणीसूत्र बदलतात. त्यांची एक आवडती जुळणी आपल्या सा-प-सा-प सारखीच आहे! पुढे १९४० च्या दशकात बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदातून 'ब्लूग्रास' ही वेगवान शैली घडली. तीत प्रत्येक वादक पाळीपाळीने पुढे येऊन आपली करामत दाखवतो. आम्हाला विशेष वाटते ते हे, की १९२३ साली अटलांटात ज्यांची ध्वनिमुद्रिका निघाली ते फिडलर जॉन कार्सन एके काळी कापडगिरणीत कामाला होते. तेव्हा गिरणीतल्या माणसाला सूर कळत नाही, हे कोणी सांगू नये.

ऐकणाऱ्याने करायचे काय? एकच राग दोन वादकांचा घ्यावा. आता हे मोबाईलवर विनासायास मिळते. पहिल्यांदा फक्त गज ऐकावा: लांब की तुटक? दुसऱ्यांदा बोट ऐकावे: एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते की उडी मारते? तिसऱ्यांदा तबला ऐकावा: वादक समेवर सरळ येतो की चकवून येतो? एकदम सगळे ऐकू गेले तर काहीच हाती लागत नाही. यंत्राचा नुसता आवाज ऐकून कोणता बेअरिंग झिजला हे सांगणारे कित्येक कामगार आम्ही पाहिले आहेत. त्यांचे कान तयारच आहेत. ते कान संध्याकाळी सुराकडे वळवायचे, एवढेच काम उरले आहे. आणि ते दुसऱ्या कोणी आपल्यासाठी करून देणार नाही.