एक जिल्हा, तीन खासदार

प्रशांत महासागरातील तुवालू या अवघ्या अकरा हजारांच्या आसपास लोकवस्तीच्या राष्ट्रात मतदारसंघांच्या सरहद्दी समुद्रानेच आखून दिल्या आहेत. नियुलाकिता हे सर्वांत लहान बेट नियुताओला जोडले आहे एवढे सोडल्यास, प्रत्येक बेट हाच तेथे एक मतदारसंघ. एकोणीस लाखांहून अधिक मतदारांच्या यवतमाळ-वाशीम मतदारसंघाची सीमा मात्र कागदावर ठरली, आणि ती ठरताना आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे जे त्रिभाजन झाले, त्याचा विचार येथील मतदाराने शांतपणे करावयास हवा.

महाराष्ट्रात लोकसभेच्या 48 व विधानसभेच्या 288 जागा असल्यामुळे सहा विधानसभा क्षेत्रे मिळून एक लोकसभा मतदारसंघ होतो. यवतमाळ जिल्ह्याच्या वाट्याला सात क्षेत्रे आली, तेव्हा निदान एक बाहेर जाणे अटळच होते. परंतु 2001 च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना 2008 साली अमलात आली, तेव्हा यवतमाळ, राळेगाव, दिग्रस व पुसद एवढीच क्षेत्रे यवतमाळ-वाशीममध्ये राहिली, वाशीम व कारंजा येऊन मिळाली, वणी आणि आर्णी चंद्रपूरकडे गेली व उमरखेड हिंगोलीस जोडले गेले.

यांपैकी वाशीमचा संबंध मला परका वाटत नाही. 1905 साली बासीम जिल्हा मोडला तोपर्यंत पुसद तालुका त्याच जिल्ह्याच्या दप्तरात होता, आणि पुसदच्या नाईक घराण्यातील वसंतराव 1977 मध्ये व सुधाकरराव 1998 मध्ये लोकसभेवर गेले तेही वाशीममधूनच. कोळशाच्या खाणींची वणीही यवतमाळपेक्षा चंद्रपूरला जवळ आहे. आर्णीच्या बाबतीत मात्र असे कोणतेच समर्थन सापडत नाही. जिल्ह्याच्या ठाण्यापासून फार दूर नसलेल्या, अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या क्षेत्रातील आर्णीकराला खासदाराच्या मतदारसंघाचे मुख्य शहर गाठण्यासाठी पूर्वेकडील सारा मुलूख ओलांडून वर्धा नदीपलीकडे जावे लागते. उमरखेडची तऱ्हा आणखी निराळी, कारण पैनगंगेपलीकडील हिंगोली एकेकाळी निजामाच्या राज्यात होती व आज ती मराठवाड्यात मोडते. म्हणजे एकाच जिल्ह्याचे तीन खासदार तीन महसुली विभागांतल्या मतदारसंघांतून निवडून येतात.

याचा परिणाम रोजच्या कारभारात दिसतो. आर्णी क्षेत्रातील घाटंजीच्या शेतकऱ्याचा अर्ज यवतमाळच्या जिल्हा कचेरीत जातो, त्यावरील अपील अमरावतीच्या आयुक्तांकडे जाते, आणि त्याची बाजू दिल्लीत मांडणारा प्रतिनिधी मात्र चंद्रपूरचा असतो. खासदाराला मिळणारा वार्षिक पाच कोटींचा स्थानिक विकास निधी साऱ्या मतदारसंघासाठी असतो, आणि मतांची बहुसंख्या जेथे आहे तिकडे त्याचे लक्ष अधिक वळणे, त्याच्या वृत्तीला दोष न देताही, स्वाभाविकच म्हणावे लागेल.

पुनर्रचनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर पुनर्रचना आयोग हरकती मागवितो आणि जाहीर सुनावणीही घेतो. पुढील पुनर्रचना होईल तेव्हा आर्णी, घाटंजी, पांढरकवडा, उमरखेड व महागाव या भागांतील ग्रामपंचायतींनी आपले लेखी म्हणणे त्या मुदतीत अवश्य दाखल करावे.