शाळेतील बाजार आणि तोट्याचा धडा

आपल्याकडील पुष्कळ प्राथमिक शाळांतून वर्षातून एकदा बालबाजार किंवा आनंदमेळावा भरतो. पटांगणात मुले ओळीने बसतात. कोणी मेथीच्या जुड्या, कोणी भेळ, कोणी लिंबाचे सरबत विकतो. पालक कौतुकाने खरेदी करतात आणि संध्याकाळी अमुक हजारांची उलाढाल झाली असे जाहीर होते. उपक्रम स्तुत्य आहे, यात संशय नाही. परंतु एवढ्याने मुलांस व्यापार समजतो काय, या प्रश्नास होकार देणे आम्हांस कठीण वाटते.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. समजा, चार मुलांनी लिंबे, बर्फ व कागदी पेले यांवर ३०० रुपये खर्च केले आणि १० रुपयांस एक याप्रमाणे सरबताचे ४० पेले खपविले. विक्री ४०० रुपये, तेव्हा नफा १०० रुपये, असे मुले आनंदाने सांगतील. पण ५० रुपयांची साखर घरून आली, तिची किंमत कोणी धरली नाही. सहा मित्रांनी उधार घेतले, ते ६० रुपये आलेच नाहीत. हिशेब नीट मांडला तर १० रुपये तोटा निघतो, आणि चौघांच्या मेहनतीचे मोल अजून धरावयाचेच आहे. हा तोटा मुलाने स्वतःच्या हाताने वहीत मांडला, म्हणजे त्याचा पहिला खरा धडा झाला. आज तो आईच्या डब्यातील साखरेबरोबर विरघळून जातो.

यावर कोणी म्हणेल की, शाळा हे विद्येचे स्थान. तेथे तागडी कशाला? आमचे उत्तर असे की, दुकानदाराचा मुलगा गादीवर बसून भाव, उधारी आणि गिऱ्हाइकाचे मन ही सारी विद्या घरीच शिकतो. शेतमजुराच्या वा कारकुनाच्या मुलाने ती कोठे शिकावी? आणि खुद्द त्या दुकानदाराच्या घरातील मुलीस तरी ती कितीदा दिली जाते? जन्माने काही थोड्यांस मिळणारी विद्या सर्वांस खुली करणे, हेच तर शाळेचे काम होय.

ही गोष्ट अशक्य नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापिला. गावास उपयोगी पडणारी खरी कामे करीत शिकावयाचे, हे तेथील शिक्षणाचे सूत्र. दिल्लीच्या सरकारी शाळांतून २०१९ मध्ये उद्योजकतेचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला, आणि २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांस गट करून धंदा उभारण्यासाठी दरडोई २००० रुपयांपर्यंत भांडवल देण्याची योजना निघाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची शिफारस केली आहे.

आमच्या शाळांस याहून थोडक्यात आरंभ करता येईल. भांडवल पालकांच्या खिशातून न देता शाळेच्या निधीतून परतफेडीच्या बोलीने द्यावे. माल ठरविण्यापूर्वी मुलांनी दहा गिऱ्हाइकांस विचारावे. घरून आलेल्या जिनसांची किंमत वहीत लिहावी. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासास प्रत्येक गटाने आपला हिशेब वाचून दाखवावा. ज्यांस तोटा आला त्यांस हसू नये, तर तोटा कोठे झाला हे सर्वांनी मिळून शोधावे.

या कामी व्यापारी बंधूंचे साहाय्य हवे. बक्षिसाचा पेला देऊन फोटो काढून घेण्यापेक्षा त्यांनी वर्षातून दोन तास वर्गात बसावे, मुलांच्या वह्या तपासाव्या, आणि आपण स्वतः कोठे ठेचकाळलो तेही मोकळेपणाने सांगावे. नोकऱ्या नाहीत अशी हाकाटी आपण घरोघर ऐकतो. पण नोकरीवाचून स्वतःच्या पायावर उभे राहण्याची रीत मुलांस दाखविली नाही, तर त्या हाकाटीचा दोष केवळ सरकारच्या माथी मारता येणार नाही.