खड्डा बुजवू नका, तिथे वर्ग भरवा!

सिव्हिलवाल्यांना वाळू म्हटली की चाळण्या आणि फाइननेस मॉड्युलस आठवतो. ती आली कुठून आणि काढल्यावर राहिलेल्या खड्ड्याचं पुढे काय झालं, हे मात्र कुठल्याच पेपरला विचारत नाहीत. म्हणून ही दिल्लीच्या भट्टी खाणींची गोष्ट.

अरवली पर्वताची उत्तरेकडची शेपटी दिल्लीत शिरते. तिथला क्वार्टझाइट खडक वर्षानुवर्षं झिजून त्याची जाडसर, लालसर बजरी तयार होते. दिल्लीत तिला 'बदरपूर' म्हणतात. राजधानीतली कितीतरी घरं या बजरीवर उभी राहिली. खणणाऱ्यांत ओड समाजाची माणसं मोठ्या संख्येने होती. आपल्याकडच्या वडार समाजासारखीच, पिढ्यान्‌पिढ्या मातीकाम करणारी. फाळणीनंतर तिकडून आलेल्या बऱ्याच कुटुंबांच्या हातात इथे पुन्हा कुदळच आली.

आता थोडं जिओटेक. (झोपू नका!) सुट्या कोरड्या वाळूचा ढीग साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर टिकतो. खाणीची भिंत मात्र जवळजवळ उभी असते, कारण पायऱ्या ठेवत खणलं तर वेळ आणि माल दोन्ही जातो. खालून कोरत गेलं की वरचा भाग लोंबत राहतो आणि एक दिवस अचानक बसतो. भट्टीतही दरडी कोसळून मजूर दगावले. १९९०च्या सुमारास खाणी बंद झाल्या. शेजारच्या असोला भागाचं अभयारण्य १९८६ सालीच झालं होतं, १९९१ मध्ये त्याला भट्टी जोडलं.

पण कागदावर अभयारण्य झालं म्हणून जंगल थोडंच येतं? वरची सुपीक माती गेलेली, उरला उघडा दगड. आली ती वेडी बाभूळ. ती कुठेही येते आणि दुसऱ्या कोणाला येऊ देत नाही. २००० सालापासून टेरिटोरियल आर्मीच्या इको टास्क फोर्सचे जवान इथे झाडं लावतायत. अरवलीचा खरा मालक म्हणजे धाऊ, तो खडकाच्या फटीतही उभा राहतो. पण वाढतो इतका सावकाश, की उद्घाटनाच्या फोटोत चांगला दिसत नाही!

आणि इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी दिल्लीच्या वनखात्याबरोबर असोल्यात निसर्गशिक्षण केंद्र चालवते. शाळेची मुलं येतात, पायवाटेने फिरतात, फुलपाखरं मोजतात. इथे ८० हून जास्त जातींची फुलपाखरं आहेत, आणि संस्थेच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये चक्क बिबटेसुद्धा दिसले आहेत. शहराला इतकं लागून!

मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो खड्डाच. जमिनीचा छेद आपण पुस्तकात रंगीत पेन्सिलींनी काढतो, खाणीच्या भिंतीत तो खराखुरा उघडा असतो. कुठे अख्खा खडक, कुठे भुसभुशीत झालेला, भेगेतून झिरपणारं पाणी, सगळं डोळ्यांसमोर. हा खड्डा बुजवून वर लॉन घातलं तर शिकायचं काय? २०२२ मध्ये इथल्या नीली झीलवर, म्हणजे पाणी साठलेल्या एका जुन्या खाणीवर, पंपाने पाणी चढवून कृत्रिम धबधबे सोडण्यात आले. गर्दी जमली असेल, पण माझ्या मते पंप बंद असताना ती झील जास्त शिकवते.

उघडी ठेवायची म्हणजे आहे तशी सोडायची, असं मात्र नाही. खाणीचं तळं नदीसारखं हळूहळू खोल होत जात नाही, दुसऱ्याच पावलाला तळ नाहीसा. वरचं पाणी कोमट, खालचं गारठलेलं, आणि बाहेर यायला धरायला गेलं की काठ सुटून हातात येतो. चांगले पोहणारेही यातच अडकतात. म्हणून काठाला पायऱ्यांचा उतार, कड्यापासून लांब कुंपण, पाण्यात उतरायला पक्की मनाई, एवढं आधी. फुलपाखरं मग.

शिवाय ती खणणारी माणसं. त्यांची वस्ती अभयारण्याच्या हद्दीत आली म्हणून ती हलवायचे आदेश निघाले आणि प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळला. ज्यांचं काम गेलं त्यांचंच घरही बेकायदा! कुठला थर कधी दगा देतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? मला वाटतं, मुलांना ती भिंत दाखवायचा पगार त्यांनाच मिळायला हवा.

सरांना एक विनंती. पुढच्या वर्षीचा सर्व्हे कॅम्प सपाट ग्राउंडऐवजी एखाद्या बंद खडीखाणीवर नेता येईल का? एका दिवसात कंटूर, उतार, पाणी सगळं मिळेल. कुंपण, दोर आणि मालकाची लेखी परवानगी आधी बघू. डबे होस्टेलच्या मेसमधून नेऊ.